वीस वर्षांनी ऐझॉल

५ मार्च १९६६ रोजी भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी ऐझॉल शहरावर गोळ्या झाडल्या आणि आगी लावणारे बॉम्ब टाकले. शहर भारतातलं होतं, तिथली माणसं भारताचीच नागरिक होती. आपल्या हवाई दलाने आपल्याच देशातल्या वस्तीवर हल्ला केल्याचं हे एकमेव उदाहरण. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते आणि संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला धावून गेलेला सह्याद्री आपण अभिमानाने आठवतो. त्याच कारकिर्दीत ऐझॉलही घडलं, आणि तेही मराठी माणसाला ठाऊक असायला हवं.

विमानं रसद टाकायला गेली होती, असं सरकारने तेव्हा सांगितलं. आसाम विधानसभेतले दोन खासी आमदार, स्टॅनले निकोल्स-रॉय आणि हूवर हायनीव्हटा, प्रत्यक्ष मिझो डोंगरात जाऊन आले आणि त्यांनी हल्ल्याची हकिकत सभागृहात मांडली. बाकी देशाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

ही विमानं ज्याचं बंड मोडायला आली होती तो माणूस तेव्हा अडतीस वर्षांचा होता. त्याचं नाव लालडेंगा. वीस वर्षांनी त्याच ऐझॉलमध्ये तो मुख्यमंत्री म्हणून शपथ घेणार होता, आणि ती भारताच्या राज्यघटनेशी निष्ठेची असणार होती.

लालडेंगांचा जन्म ११ जून १९२७ रोजी मिझो डोंगरांच्या दक्षिणेकडे, लुंगलेईजवळच्या पुकपुई गावात झाला. तरुणपणी ते फौजेत गेले, हवालदार झाले. परत आल्यावर ऐझॉलच्या जिल्हा परिषदेत हिशेबाचं काम करू लागले. ही जिल्हा परिषद आपल्याकडच्यासारखी नव्हे. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीने ईशान्येच्या डोंगरी मुलखाला दिलेली ती स्वायत्त संस्था; जमीन, जंगल आणि रूढी यांबाबत तिला स्वतःचे कायदे करता येतात. मिझो डोंगर तेव्हा आसामचा एक जिल्हा होता आणि राज्याचा कारभार चाले शिलाँगमधून.

मग बांबू फुलला. मिझो डोंगरांवर सगळीकडे वाढणारा एक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकाच वेळी फुलतो, फळतो आणि मरतो. त्याच्या गरदार फळांवर उंदीर पोसतात आणि त्यांची संख्या बेसुमार वाढते. फळं संपली की त्या झुंडी भाताच्या शेतांत आणि कोठारांत घुसतात. मिझो लोक या आपत्तीला मौताम म्हणतात. १८६२ आणि १९११ मध्ये ती येऊन गेली होती, त्यामुळे १९५९ च्या आसपास पुन्हा येणार हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना पक्कं माहीत होतं. जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच आसाम सरकारकडे मदत मागितली. बांबू फुलल्याने दुष्काळ पडतो ही सरकारी कचेरीला डोंगराळ लोकांची अंधश्रद्धा वाटली. उंदीर आले, पिकं गेली, माणसं कंदमुळांवर जगू लागली, कित्येक दगावली.

त्या दिवसांत लालडेंगा मिझो कल्चरल सोसायटीचे चिटणीस होते. या संस्थेचं रूपांतर मिझो नॅशनल फॅमिन फ्रंटमध्ये झालं. तिच्या पोरांनी पाठीवर धान्याची ओझी वाहून आडगावांत पोचवली. ज्या पायवाटांवर सरकार फिरकलं नव्हतं तिथे ही पोरं गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पुढाऱ्याचं नावही गेलं. लालडेंगांचं वक्तृत्व विलक्षण होतं, असं त्यांचे विरोधकही सांगतात. पण त्यांची पत उभी राहिली ती या तांदळावर. १९६० मध्ये आसामने असमिया ही राज्यभाषा केली आणि मिझोंचा उरलासुरला विश्वासही उडाला. ऑक्टोबर १९६१ मध्ये संघटनेच्या नावातून 'फॅमिन' गळलं आणि मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष उभा राहिला. ध्येय एकच, सार्वभौम मिझोराम.

पुढच्या चार वर्षांत लालडेंगा आणि त्यांचे सहकारी पूर्व पाकिस्तानात जाऊन आले, पकडले गेले, आणि आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चलिहा यांच्या भरवशावर सुटलेही. शस्त्रं मात्र सीमेपलीकडून येतच राहिली. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्यांनी पंतप्रधान शास्त्रींना निवेदन पाठवलं आणि २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री उठाव केला. मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन जेरिको. बायबलमधल्या त्या शहराची तटबंदी कोसळते, ही गोष्ट मिझोराममधल्या प्रत्येक घरात माहीत होती. ऐझॉलचा खजिना लुटला गेला, टेलिफोनच्या तारा तोडल्या गेल्या, आसाम रायफल्सच्या ठाण्याला वेढा पडला, लुंगलेई हातची गेली. १ मार्चला लालडेंगांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. पाचव्या दिवशी विमानं आली. लष्कर ऐझॉलमध्ये शिरलं, बंडखोर रानात पांगले आणि पुढारी पूर्व पाकिस्तानात गेले.

उठाव असा काही आठवड्यांत मोडला, पण लोकांचे हाल तिथून सुरू झाले. जानेवारी १९६७ पासून लष्कराने गावं एकत्र करायला घेतली. गनिमांना गावातून भात मिळतो, तेव्हा गावच हलवायचं, असा हिशेब होता. ब्रिटिशांनी मलायात हेच केलं होतं. त्या वेळी पूर्व विभागाचे सेनापती होते सॅम माणेकशा, आणि यशवंतराव आता गृहमंत्री झाले होते. माणसांना डोक्यावर मावेल तेवढं सामान घेऊन निघायला सांगत. मागे राहिलेली घरं आणि धान्य पेटवून देत. रस्त्याच्या कडेला कुंपणात नव्या वस्त्या बसवल्या. माणसांना ओळखपत्रं दिली, रात्री संचारबंदी, शेतावर जाताना नोंद, परत येताना नोंद. मिझो शेती फिरती; दरवर्षी डोंगराचा नवा तुकडा साफ करून पेरायचा. सूर्य मावळायच्या आत कुंपणात परतायचं म्हटल्यावर ही शेती उभीच राहू शकत नाही. ज्या समाजाला दुष्काळात धान्य मिळालं नव्हतं तो आता सरकारी शिध्याच्या रांगेत उभा राहिला. १९७० पर्यंत पाचशेहून अधिक गावं अशी उठवली गेली, मिझोरामच्या सुमारे ऐंशी टक्के लोकसंख्येला याची झळ पोचली. सरकारी कागदांत या वस्त्यांना 'संरक्षित आणि प्रगतिशील गावं' असं नाव होतं.

हा तपशील जरा लांबवून सांगितला, कारण नंतरची सगळी बोलणी याच लोकांच्या जिवावर चालली होती. एकीकडून सैन्य आणि दुसरीकडून बंडखोर असे ते भरडले जात होते. फ्रंटचे लोक रात्री येऊन वर्गणी वसूल करत, खबऱ्याचा नुसता संशय आला तरी ठार मारत. १३ जानेवारी १९७५ रोजी ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात घुसून त्यांनी पोलीस महानिरीक्षकांसह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांचे खून केले. लालडेंगांचं चरित्र सांगताना हे रक्त वगळता येत नाही.

ते स्वतः तेव्हा फार दूर होते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात त्यांचा आसरा गेला. भारतीय फौजा चितगावच्या डोंगरात शिरल्या, तेव्हा ते ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये निसटले आणि तिथून पुढे पाकिस्तानात पोचले. जानेवारी १९७२ मध्ये मिझोराम आसामपासून वेगळा होऊन केंद्रशासित प्रदेश बनला. ज्यांच्या नावाने लढायचं त्यांना विधानसभा मिळाली होती आणि लढणाऱ्यांचा नेता कराचीत यजमानांच्या मर्जीवर दिवस काढत होता. त्या मर्जीची किंमत त्यांना कळली असावी. १९७५ मध्ये त्यांनी युरोपात भारताच्या गुप्तचर अधिकाऱ्यांशी संपर्क साधला, जिनिव्हात गाठीभेटी झाल्या आणि १९७६ च्या सुरुवातीला ते दिल्लीत दाखल झाले.

१ जुलै १९७६ रोजी पहिला समझोता झाला. मिझोराम भारताचा अविभाज्य भाग आहे आणि तोडगा राज्यघटनेच्या चौकटीतच निघेल, हे त्यांनी लेखी मान्य केलं. माझ्या मते लालडेंगांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी माघार हीच. ज्या शब्दासाठी हजारो लोक उद्ध्वस्त झाले तो 'सार्वभौम' हा शब्द त्यांनी त्या दिवशी खाली ठेवला. मग शांतता यायला आणखी दहा वर्षं का लागली? वाद आता देशाचा उरला नव्हता. ऐझॉलच्या खुर्चीवर कोण बसणार आणि शस्त्रं आधी ठेवायची की सत्ता आधी द्यायची, यावर ती दहा वर्षं गेली.

फ्रंटच्या रानातल्या काही लोकांना नेत्याची ही माघार विकत घेतल्यासारखी वाटली आणि संघटनेत फूट पडली. दिल्लीत जनता पक्षाचं सरकार आलं. मिझोराममध्ये १९७८ च्या निवडणुकीत निवृत्त ब्रिगेडियर टी. साइलो यांचा पीपल्स कॉन्फरन्स हा पक्ष जिंकला. साइलोंनी लष्कराच्या जुलमाविरुद्ध सनदशीर मार्गाने आवाज उठवला होता आणि लोकांनी त्यांना निवडून दिलं होतं. लालडेंगांसाठी हा मोठाच पेच होता. आपणच मिझोंचा एकमेव आवाज हा त्यांचा दावा मतपेटीने खोटा ठरवला होता. १९७९ च्या उन्हाळ्यात फ्रंटने बिगरमिझो लोकांना मिझोराम सोडण्याची धमकी दिली, हिंसा भडकली आणि जुलैत दिल्लीत लालडेंगांना अटक झाली.

इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या, खटले मागे घेतले गेले, १९८० च्या जुलैअखेरीस शस्त्रसंधी झाली, बोलणी सुरू झाली. ती १९८२ च्या जानेवारीत फिसकटली. साइलोंचं निवडून आलेलं सरकार बरखास्त करा आणि मला मुख्यमंत्री करा, असा लालडेंगांचा आग्रह होता. तो चुकीचा होता, हे इथे स्पष्टच म्हणायला हवं. लोकांनी मतं देऊन निवडलेला माणूस हटवून ती जागा बंदुकीच्या मोबदल्यात मागणं म्हणजे ज्या लोकांसाठी लढलो त्यांच्याच कौलाला लाथ मारणं. फ्रंटवर पुन्हा बंदी आली, लालडेंगांना देश सोडायला सांगितलं आणि एप्रिलमध्ये ते लंडनला गेले. लढाई आणखी चार वर्षं चालली.

या चार वर्षांत मिझो समाज स्वतः पुढे आला. उत्तरेतले प्रेस्बिटेरियन आणि दक्षिणेतले बॅप्टिस्ट पाळक दोन्ही बाजूंना भेटत राहिले, चर्चमधून शांततेसाठी प्रार्थना होत राहिल्या, विद्यार्थी संघटनांनी बोलणी पुन्हा सुरू करा म्हणून रेटा लावला. राजकीय पक्षांनाही हा सूर पकडावा लागला. काँग्रेसचे लालथनहावला १९८४ ची निवडणूक लढले ते समझोता झाल्यास आपण पद सोडू, असं सांगूनच. ते जिंकून मुख्यमंत्री झाले. इंदिरा गांधींच्या सुरक्षेत काम केलेले लालदुहोमा हे मिझो पोलीस अधिकारी नोकरी सोडून काँग्रेसमध्ये आले आणि लंडनला जाऊन लालडेंगांना भेटले. ऑक्टोबर १९८४ च्या अखेरीस लालडेंगा दिल्लीत परतले. पंतप्रधानांशी भेट ठरली होती ३१ ऑक्टोबरला. त्याच दिवशी सकाळी इंदिरा गांधींची हत्या झाली.

एवढ्यावर सारं पुन्हा कोलमडू शकलं असतं. पण राजीव गांधी १९८५ च्या फेब्रुवारीत लालडेंगांना भेटले आणि बोलण्यांचं काम जी. पार्थसारथींकडे सोपवलं. पुढे ते गृहसचिव राम प्रधानांकडे आलं. राम प्रधान महाराष्ट्राच्या सेवेतले सनदी अधिकारी. संरक्षणमंत्री यशवंतरावांचे खासगी सचिव म्हणून त्यांनी काम केलं होतं आणि १९६५ च्या युद्धातली यशवंतरावांची रोजनिशी पुढे त्यांनीच संपादित करून छापली. ज्या मंत्र्याच्या काळात ऐझॉलवर विमानं गेली त्याच्या एके काळच्या सचिवाने वीस वर्षांनी ती जखम बांधायला बसावं, याला मी योगायोगापलीकडे काही म्हणणार नाही, पण तो मनात राहतो.

प्रधान ३० जून १९८६ रोजी निवृत्त होणार होते आणि त्या दिवशीही काही मुद्दे अडकलेलेच होते. लालडेंगा निरोप घ्यायला म्हणून आले, आणि निरोपाच्या बोलण्यातून पुन्हा कराराचं बोलणं सुरू झालं. प्रधानांनी पंतप्रधानांना गाठलं, उरलेल्या मुद्द्यांवर निर्णय झाले आणि त्याच संध्याकाळी उशिरा सह्या झाल्या. कागदावर तीन नावं आहेत: लालडेंगा, गृहसचिव प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखमा. मिझोराममध्ये हा दिवस 'रेमना नी', शांतता दिन, म्हणून सुट्टीचा असतो.

करारातली कलमं वाचली की कोणी काय सोडलं ते दिसतं. फ्रंटने शस्त्रं खाली ठेवायची, आपली घटना भारतीय राज्यघटनेशी जुळवून घ्यायची, त्रिपुरा आणि मणिपूरमधल्या बंडखोरांशी संबंध तोडायचे. शेजारच्या राज्यांतले मिझोभाषक प्रदेश जोडून मोठा मिझोराम करण्याची मागणी सरकारने मान्य केली नाही. ती फक्त नोंदवून ठेवली. बदल्यात मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा, किमान चाळीस जणांची विधानसभा आणि राज्यघटनेत ३७१ छ हे नवं कलम मिळालं. मिझोंच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, त्यांचा रूढीने आलेला कायदा, जमिनीची मालकी यांबद्दल संसदेने केलेला कायदा मिझोराम विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. विद्यापीठाचाही विचार करारात होता; ते २००१ मध्ये सुरू झालं. वीस वर्षांपूर्वी हे एवढं कोणी देऊ केलं असतं तर ऑपरेशन जेरिको झालंच नसतं, असं मला वाटतं.

लालथनहावलांनी शब्द पाळला. बहुमत असलेला मुख्यमंत्री आपणहून पायउतार झाला आणि ऑगस्ट १९८६ मध्ये लालडेंगांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाला. चरित्रग्रंथांत अशा माणसाच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. मिझोरामच्या शांततेत त्यांचा वाटा लालडेंगांच्या बरोबरीचा आहे. १९८२ मध्ये जी खुर्ची हिसकावून मागितली जात होती ती १९८६ मध्ये मालकाने स्वतः रिकामी केली, आणि दोन्हींतला फरक लोकांना बरोबर कळला. फेब्रुवारी १९८७ च्या निवडणुकीत फ्रंटने चाळीसपैकी २४ जागा जिंकल्या. २० फेब्रुवारीला मिझोराम भारताचं तेविसावं राज्य झालं आणि लालडेंगा त्याचे पहिले मुख्यमंत्री. यावेळी ते निवडून आले होते.

कारभारात ते चमकले नाहीत. भूमिगत संघटना हुकमावर चालते. विधिमंडळ पक्षात प्रत्येकाला मंत्रिपद हवं असतं. दीड वर्षात त्यांच्याच पक्षाचे आमदार फुटले. दुसऱ्या कोणाला सरकार बनवू देण्याऐवजी सप्टेंबर १९८८ मध्ये दिल्लीने राष्ट्रपती राजवट लावली. करारावर सही केलेल्या माणसाला हे फसवणुकीसारखं वाटलं असेल तर नवल नाही. रानात वीस वर्षं काढलेले लढवय्ये अजून तरुण होते, ब्रह्मदेश आणि बांगलादेशच्या वाटा त्यांना पाठ होत्या. पंजाबात लोंगोवालांचा करार त्यांच्या खुनानंतर कागदावर राहिला होता. नागालँडमध्ये १९७५ च्या शिलाँग करारातून नवी, अधिक कडवी संघटना जन्मली होती. मिझोरामही त्या रांगेत जाऊ शकला असता. लालडेंगांनी जानेवारी १९८९ ची निवडणूक लढवली. ती ते हरले: काँग्रेसला २३ जागा, फ्रंटला १४. लालथनहावला पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि फ्रंट विरोधी बाकांवर बसला.

मुत्सद्दी म्हणून लालडेंगांचं मोजमाप करायचं तर मी या पराभवापासून करीन. सही करताना त्यांच्या हाती सत्ता येणार होती. १९८८-८९ मध्ये ती गेली होती, दिल्लीवर रागावायला सबळ कारण होतं, आणि तरीही एकाही जुन्या सैनिकाला त्यांनी रानात परत बोलावलं नाही.

त्यानंतर त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगाने ७ जुलै १९९० रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. देह ऐझॉलला आणला आणि शहराच्या मध्यभागी ट्रेझरी स्क्वेअरमध्ये दफन केला.

पक्षाची सूत्रं झोरमथंगांकडे गेली. रानातल्या दिवसांपासून ते लालडेंगांचे सचिव होते, कराचीतही बरोबर होते. १९९८ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, २००८ मध्ये हरले, २०१८ मध्ये पुन्हा निवडून आले. त्यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटी, २००७ च्या सुमारास, बांबू परत फुलला आणि उंदीर परत आले. पिकांचं नुकसान झालं. पण या वेळी ऐझॉलमध्ये मिझोंचं स्वतःचं सरकार होतं आणि मौतामला अंधश्रद्धा म्हणणारं कोणी नव्हतं. ४ डिसेंबर २०२३ रोजी विधानसभेचे निकाल लागले. फ्रंटला १० जागा मिळाल्या आणि खुद्द झोरमथंगांचा त्यांच्या मतदारसंघात पराभव झाला. त्याच दिवशी त्यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला. त्यांच्या जागी मुख्यमंत्री झाले ते लालदुहोमा, चाळीस वर्षांपूर्वी लालडेंगांना भेटायला लंडनला गेलेले.